त्रेचाळिसावी मुलाखत

सरांबद्दल लिहा, असं मला आतापर्यंत तीन वेळा सांगण्यात आलं. एकदा कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी, एकदा ते गेले तेव्हा आणि एकदा विभागाच्या कुठल्याशा समारंभासाठी. तिन्ही वेळा मी टाळलं. एकदा डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं, ते खरं होतं. बाकीची दोन कारणं खोटी होती. त्यांच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट लिहावीच लागली असती, आणि ती गाळून बाकीचं गोड गोड लिहिण्याइतका निगरगट्ट मी झालेलो नव्हतो. खरं सांगण्याइतका धीट तर नव्हतोच. आता मात्र लिहायला हवं. का, ते पुढे येईल.

सर नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्याच विभागात होतो, वयानं पंधरा वर्षांनी लहान. विद्यार्थी त्यांना 'चिमटे सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनच्या पाच दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर कपड्यांच्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी शेकडो चिठ्ठ्या लावलेल्या. चिठ्ठ्या म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू. एकेका चिठ्ठीवर कोणीतरी बोललेलं एकच वाक्य. आलेल्या माणसाला वाकूनच खुर्चीपर्यंत जावं लागे. सर मात्र त्या दोऱ्यांमधून सराईतपणे फिरत, एखादी चिठ्ठी काढून दुसऱ्या दोरीवरच्या चिठ्ठीशेजारी लावत, मागे सरकून बघत, आणि नाही पटलं तर परत आणून जागेवर लावत. त्या खोलीत पंखा लावायला बंदी होती. एप्रिल असो नाही तर मे.

"पंखा लावला की यांचा समाज उडतो," वहिनी म्हणायच्या. त्यांच्या साड्या मागच्या शेजारणीच्या गच्चीवर वाळत. "माझं लग्न झालं तेव्हा सांगितलं होतं, मुलगा लेखी काम करतो. एवढं लेखी असेल असं नव्हतं वाटलं."

एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस चिठ्ठी वाचत उभाच राहिला. चिठ्ठीवर होतं, 'सासू मेली, मग मीच राहिले मागं.' त्यानं विचारलं, "मग पुढं काय झालं हो त्यांचं?" सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि तासभर त्याच्याच घरी कोण कोण असतं ते ऐकत बसले.

या सगळ्या पद्धतीला इंग्रजीत ग्राउंडेड थिअरी म्हणतात. आमच्याकडे तेव्हा संशोधन म्हणजे आधी गृहीतक, मग प्रश्नावली, मग टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी गृहीतक बरोबर निघालं असा निष्कर्ष. सरांना याचा कंटाळा होता. ते म्हणायचे, "आपल्याला उत्तर आधीच माहीत असेल तर त्या बिचाऱ्यांना कशाला उठवायचं झोपेतून? आधी एका माणसाकडे जायचं. तो काय म्हणतो ते लिहायचं. मग दुसऱ्याकडे. दोघांचं बोलणं शेजारी शेजारी ठेवायचं. काय जुळतं, काय जुळत नाही ते बघायचं. त्यावरून तिसऱ्या कोणाकडे जायचं ते ठरवायचं. आणि नवा माणूस नवं काही सांगेनासा झाला की थांबायचं. एवढंच."

हे 'एवढंच' वर्षानुवर्षं चालायचं.

विद्यापीठाची एक समिती आली होती. त्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "तुमचं गृहीतक काय आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे अजून मला कोणी सांगितलेलं नाही," सर म्हणाले. "सांगितलं की कळवतो."

समितीनं काय शेरा मारला तो मी इथं देत नाही. मी त्या वेळी शेजारीच बसलो होतो आणि टेबलाखालून सरांचा पाय दाबत होतो.

मुलाखत घ्यायचे त्यांचे काही नियम होते, आणि ते मी पाठ केले होते. 'का' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. का विचारलं की माणूस उत्तर बनवतो, काय झालं असं विचारलं की आठवतो. सगळ्यांना अहो-जाहो करायचं. आठ वर्षांच्या पोरीलाही ते "तुम्ही आज कुठे गेला होतात?" असं विचारायचे, आणि ती पदर असल्यासारखी फ्रॉक सावरून उत्तर द्यायची. बोलणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत. मथळासुद्धा त्याच्याच शब्दांत करायचा, आपल्या पुस्तकातल्या नाही. मुलाखत चालू असताना मध्ये जे काही होईल ते कंसात लिहायचं. त्यांच्या कागदांवर जागोजागी कंस असत. (कोंबडी हाकलतात.) (शेजारीण मीठ मागायला येते.) (मूल पडतं, रडत नाही.) मी एकदा म्हणालो, "सर, याचा उपयोग काय?" तर म्हणाले, "खऱ्या माणसाच्या बोलण्यात आपल्या कामाचं नसलेलं काहीतरी असतंच. ते गाळलंत तर तुम्ही त्यांना ऐकलं नाही, तुम्ही स्वतःलाच ऐकलंत."

आणि घड्याळ. माणूस बोलता बोलता थांबला, काहीतरी जड सांगण्याच्या बेतात आहे असं वाटलं, की सर मनगटावरचं घड्याळ सोडवून शर्टाच्या खिशात टाकत आणि गप्प बसत. समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. दोन मिनिटं, पाच मिनिटं. मला ती शांतता सहन व्हायची नाही. पण माणूस बोलायचा. मी पाहिलेल्या एकूण एक वेळी माणूस बोलला.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी मिळून जे काम केलं ते असं. सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी भातासाठी परत जातात. बागांकडे निघताना प्रत्येक घर कोणाला तरी पाड्यावर मागे ठेवून येतं. सरांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मागे कोण राहायचं हे ठरतं कसं.

आम्हा सगळ्यांना वाटायचं, म्हातारं-कोतारं, आजारी माणूस मागे राहत असणार. पण चिठ्ठ्या दोरीवर लागत गेल्या तसं वेगळंच दिसायला लागलं. बऱ्याच घरांनी धडधाकट सून मागे ठेवलेली, आणि गुडघे धरलेला म्हातारा बागेत नेलेला. एका पाड्यावर एकानं ते आम्हाला सरळ सांगितलं. "समदेच गेलो त गावात आमचं तोंड कोण? मयताला कोण उभं राहील? बैठकीला कोण बोलंल? एक तोंड ठेवाया लागतं." सर येतानाच्या एसटीत तिकिटाच्या मागे तेच लिहीत होते, पुन्हा पुन्हा. तोंड ठेवणं. पुढची वीस-पंचवीस माणसं वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगत गेली. मागे राहणारा माणूस घर राखायला नसतो, गावात त्या घराची जागा राखायला असतो. म्हणून जो बोलू शकतो, ज्याचं गाव ऐकतं, तो मागे राहतो. पाचही दोऱ्यांच्या मधोमध आता एकच लाल चिमटा होता, आणि बाकी सगळं त्याच्या भोवती येऊन बसलं होतं.

चाळीस मुलाखती झाल्या. सरांनी पुस्तकाचं हस्तलिखित जवळजवळ पुरं केलं होतं. मी म्हणालो, "झालं ना सर आता?" ते म्हणाले, "अजून तीन. या तिघांनी नवं काही सांगितलं नाही तर झालं. तुम्ही जाऊन या."

मे महिना होता. मी दोन दिवसांत दोन पाडे केले. एकेचाळीस आणि बेचाळीस. नवं काहीही निघालं नाही. तिसऱ्या पाड्यासाठी आणखी एक दिवस लागणार होता, आणि त्याच संध्याकाळी सटाण्याला माझ्या मेहुणीची हळद होती. वणीच्या स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून मी बायकोला फोन केला.

"उद्या सकाळी लग्नालाच येतो थेट," मी म्हणालो.

"माझ्या बहिणीचं लग्न एकदाच व्हायचंय," ती म्हणाली. "तुमच्या सरांचे पाडे कुठं पळून नाही जायचे. इथं सगळे विचारताहेत जावई कुठंयत म्हणून. मी काय सांगू, कंसात गेलेत?"

फोन ठेवला. सुरगाण्याची गाडी लागायला अजून अवकाश होता. कळवणवरून सटाण्याला जाणारी गाडी तासाभरात होती. मी रसवंतीत बसलो, उसाचा रस मागवला आणि वही उघडून त्रेचाळिसावी मुलाखत लिहून काढली. एक बाई, वय अंदाजे पस्तीस. मला सगळं पाठ होतं. माणसं कशी बोलतात, काय क्रमानं बोलतात, कुठं अडतात. तासाभराच्या आत झाली.

लिहून झाल्यावर वाचली, तर ती फारच गुळगुळीत वाटली. बेचाळीस जणांची बेरीज. सरांच्या लक्षात येईल अशी भीती वाटली. मग त्यांचंच वाक्य आठवलं, खऱ्या माणसाच्या बोलण्यात आपल्या कामाचं नसलेलं काहीतरी असतंच. म्हणून मी एक बिनकामाची गोष्ट घातली. त्या बाईच्या तोंडी लिहिलं, 'आमच्या घरचं कोणी मागं राहत नाही. आम्ही दार काढून शेजाऱ्याकडं ठेवतो आन् जातो.'

हे कुठून सुचलं ते मला आजही सांगता येत नाही. समोर कोणाचं तरी घर पाडायचं काम चालू होतं आणि एक दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, तेवढं आठवतं. गाडी आली. मी हळदीला वेळेत पोहोचलो. सगळे खूश झाले.

तीन दिवसांनी सरांनी ती मुलाखत दोऱ्यांखाली उभं राहून वाचली. वाचता वाचता खाली बसले.

"दार काढून ठेवतात?"

"हो सर."

"ठेवलेलं तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"आडवं ठेवतात की उभं?"

"भिंतीला टेकवून," मी म्हणालो.

त्यांनी ते टिपून घेतलं. त्यांचे डोळे चमकत होते. "अहो, म्हणजे माणसाशिवायही जागा राखता येते! आपण समजत होतो माणूसच लागतो. आपला सिद्धांत अपुरा आहे. बरं झालं तुम्ही गेलात. मी तर आवरायलाच निघालो होतो."

दुसरा कोणी असता तर बेचाळिसांसमोर एक, असं म्हणून ती चिठ्ठी बाजूला टाकून मोकळा झाला असता. पण न जुळणारी एक गोष्ट बाकीच्या सगळ्यांइतकीच मोठी, हाच तर सरांच्या पद्धतीचा कणा होता. मी तो जाणून होतो. वणीच्या रसवंतीत मला एवढंच आठवलं नव्हतं. मी काही न घालता ती गुळगुळीत मुलाखत तशीच दिली असती, तर सर म्हणाले असते, 'झालं.' पुस्तक त्या पावसाळ्यात छापायला गेलं असतं.

हस्तलिखित सुतळीनं बांधून कपाटावर गेलं. सर दारं शोधायला निघाले.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी माझी वही जमिनीवर आपटली असती आणि आठ दिवसांत सगळं विसरले असते. मी पहिला आठवडा दवडला, आणि मग प्रत्येक आठवड्यागणिक ते सांगणं अवघड होत गेलं. "मला त्या बाईंकडे घेऊन चला," असं ते म्हणाले, तर मी सांगितलं त्या सुरतेकडे गेल्या कामाला. वर्षानं पुन्हा म्हणाले, तेव्हा सांगितलं, त्या वारल्या.

"कशानं?"

"तापानं."

सर उठले. मग त्या बाईची चिठ्ठी काढून त्यांनी दोरीच्या टोकाला एकटीच लावली. स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना म्हणाले, "आज गोड नको." वहिनींनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता. तो तसाच झाकून ठेवला. जी बाई कधी जन्मालाच आली नव्हती, तिचं त्या घरात मी एवढं सुतक पाळायला लावलं.

ते स्वतः त्या पाड्यावर जाऊन आले. मी नाव सांगितलं होतं ते बसच्या पाटीवर वाचलेलं. परत येऊन म्हणाले, "तिथं अशी कोणी बाई वारल्याचं लोकांना आठवत नाही."

मी म्हणालो, "शेजारच्या पाड्यावरची असेल सर. माझी नोंद चुकली असेल."

"असेल," ते म्हणाले. "पाडा चुकेल, वय चुकेल. पण दार काढून ठेवतात हे कोणी मनानं सांगणार नाही."

निवृत्तीनंतरही रविवारी सकाळच्या गाडीनं पिशवीत पोळी-भाजी घेऊन ते निघत. तिकडची माणसं त्यांना ओळखायला लागली होती. लांबून दिसले की पोरं ओरडायची, "दारवाला मास्तर आला रे!" एकदा मी सोबत होतो. एका म्हातारीनं त्यांना अंगणातूनच सांगितलं, "या मास्तर, पाहून घ्या. हाय ना जाग्याव?" आणि आपलंच दार दोनदा उघडून लावून दाखवलं. सगळे हसले. सरही हसले. मीही.

त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं होतं. म्हणालो, "सरांना शेवटचा माणूस कधीच भेटणार नाही, आणि भेटला तरी ते म्हणतील, अजून एक." सभागृहात हशा पिकला. तेव्हापासून विभागात ती म्हणच पडली. कोणाचा प्रबंध रखडला की म्हणायचं, चिमटे सर झालाय. चांगला माणूस, पण काम कधी पुरं करू शकला नाही, असंच आजही त्यांच्याबद्दल सांगतात. नोंद दुरुस्त करायची आहे ती ही. सरांचं काम पुरं झालं होतं. बेचाळिसाव्या मुलाखतीला.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. विभागाच्या कपाटात तिला सरांचे खोके सापडले होते. तिच्या हातात त्रेचाळिसाव्या मुलाखतीची झेरॉक्स होती.

"सर, हे दारवालं कसलं भारी आहे! यावरच प्रबंध करणार आहे मी. पुढच्या महिन्यात सुरगाण्याला चाललेय."

"थांब जरा," मी म्हणालो. "मी तुला काही लिहून देतो." तिला वाटलं, मी शिफारसपत्र देणार आहे.

आता शेवटचं. सर जायच्या दोन महिने आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो, दुपारी. ते दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. बाहेरच्या खोलीतल्या चार दोऱ्या काढून टाकल्या होत्या. उरलेल्या एकीवर वहिनींचा टॉवेल वाळत होता आणि टोकाला ती एक चिठ्ठी. पंखा चालू होता. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत पहिल्यांदाच वारा खात बसलो होतो.

"सगळ्या मुलाखती परत वाचल्या," सर म्हणाले. "पहिल्यापासून. वेळच वेळ आहे."

"अरे वा."

"एक मजा लक्षात आली. सगळ्यांत कुठं ना कुठं बोलणं तुटतं. कोंबडी येते, मूल पडतं, कोणी विडी मागायला येतं. त्रेचाळिसावीत एकदाही तुटत नाही. एकही कंस नाही. बाई सलग बोलतात." त्यांनी पांघरूण सारखं केलं. "फार निवांत असतील बाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग त्यांनी डाव्या हातावरचं घड्याळ सोडवलं. पट्टा निघायला वेळ लागला. ते त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं आणि माझ्या हातांकडे बघत गप्प बसले.

मी त्या पद्धतीचा विद्यार्थी. पुढे काय होतं ते मला माहीत होतं. आत वहिनींनी नळ बंद केला. चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. नेमकं तेव्हा कोणी आलं नाही. शेजारीण नाही, फोन नाही, दारावरची बेल नाही. एकही कंस नाही.

मी माझ्या घड्याळात पाहिलं. "निघतो सर. घरी पाहुणे यायचेत."

पाहुणे कोणी येणार नव्हते.

सरांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग खिशातून घड्याळ काढून मनगटावर बांधलं. "या," म्हणाले. "सावकाश जा. गाड्या फार असतात आता रस्त्याला."

सांगायचं होतं ते फार नव्हतं. मला माफ करा सर. ती बाई नव्हती, तिचं दार नव्हतं, ती वारलीही नाही. मला सटाण्याला हळदीला जायचं होतं.